मॉडेल विमानाचे नवे ग्लो इंजिन मोकळे करणे आणि त्याचे इंधन निवडणे

ग्लो इंजिन म्हणजे ठिणगीऐवजी ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे लहान इंजिन. एबीसी पद्धतीच्या (म्हणजे काय ते पुढे येईलच) नव्या ग्लो इंजिनाचा पंखा हाताने सावकाश फिरवला, तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचताना तो अडल्यासारखा होतो आणि थोडा जोर लावल्यावर बारीक करकर करत पुढे सरकतो. पहिल्यांदाच असे इंजिन हाताळणाऱ्याला हा दोष वाटतो. काही जण सिलिंडरमध्ये तेल सोडून तासन्‌तास पंखा फिरवत बसतात, काही जण इंजिन उघडून पिस्टनला पॉलिश पेपर मारतात, आणि दोन्ही प्रकारांत इंजिन सुरू होण्यापूर्वीच त्याचे आयुष्य घटते. ती पकड कारखान्याने मुद्दाम ठेवलेली असते. ती कशासाठी आहे हे एकदा समजले, की इंजिन कसे चालवायचे, किती गरम होऊ द्यायचे आणि टाकीत काय भरायचे, हे तिन्ही प्रश्न एकत्रच सुटतात. कारण तिन्हींचे उत्तर पिस्टन आणि लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची आतली नळी) कोणत्या धातूचे आहेत यावर अवलंबून आहे.

आधी धातू ओळखावा

लहान इंजिनांत मुख्यतः तीन प्रकारच्या जोड्या आढळतात. जुन्या धाटणीच्या इंजिनांत बिडाचा पिस्टन पोलादी लाइनरमध्ये घासून बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर एक रिंग असते. तिसरा प्रकार एबीसी, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लाइनर आणि लाइनरच्या आतल्या बाजूला क्रोमचा मुलामा. क्रोमऐवजी निकेलचा मुलामा असेल तर त्याला एबीएन म्हणतात आणि लाइनरही ॲल्युमिनियमचाच असेल तर एएसी. मोकळे करण्याची, म्हणजे सुरुवातीला काळजीने चालवून भाग एकमेकांशी जुळवून घेण्याची, पद्धत मात्र या तिन्ही भावंडांची सारखीच आहे. इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते हरवले असेल, तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून आत पाहावे: पिस्टनच्या कडेवर रिंगेची रेघ दिसली तर प्रश्नच मिटला, आणि ती नसून पंखा वरच्या टोकाला करकरत अडत असेल तर ते बहुधा एबीसी कुळातले आहे.

एबीसीचा लाइनर आतून सरळ नळीसारखा नसतो. वरच्या बाजूला तो किंचित निमुळता केलेला असतो आणि थंड असताना पिस्टन तिथे चिमटीत सापडल्यासारखा बसतो. इंजिन तापले, की लाइनरचा वरचा भाग, जिथे प्रत्यक्ष ज्वलन होते, सर्वांत जास्त प्रसरण पावतो. साधे ॲल्युमिनियम पितळेपेक्षाही जास्त फुगते, पण या पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर मिसळलेले असल्यामुळे त्याचे प्रसरण आवरलेले असते. परिणामी, योग्य तापमानाला चिमटा सुटतो आणि पिस्टन व लाइनर एकमेकांना नेमके जुळतात. म्हणजे हे इंजिन थंडपणी घट्ट आणि गरम झाल्यावर मापात, असे बनवलेलेच आहे.

याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. एबीसी इंजिन खूप रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधनाच्या, मिश्रणावर, सावकाश आणि थंड चालवले, तर चिमटा सुटतच नाही, आणि मिनिटाला हजारो वेळा कनेक्टिंग रॉडला तो पिस्टन अरुंद जागेतून ओढून काढावा लागतो. त्यात घासला जातो तो नेमका पिस्टनचा वरचा काठ, ज्याच्यावर पुढे सगळे कॉम्प्रेशन अवलंबून असते. माझे पहिले एबीसी इंजिन मी बिडाच्या पिस्टनच्या सवयीनुसार दोन टाक्या अगदी रिच चालवले. नंतर प्लग काढून पाहिला, तर त्याच्या कॉइलवर राखाडी रंगाचे बारीक कण चिकटलेले होते आणि पंखा पुढेमागे हलवताना रॉडच्या खालच्या टोकाला ढिलेपणा जाणवत होता. ते इंजिन पुढे चालले, पण गरम झाल्यावर त्याचे कॉम्प्रेशन कायम कमीच राहिले. जुन्या इंजिनांसाठी दिलेला सल्ला नव्या इंजिनांवर जसाच्या तसा वापरणे ही या छंदात आजही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि ती काळजी घेणाऱ्यांच्याच हातून घडते, याचे मला वाईट वाटते.

बिडाच्या पिस्टनची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे हळूहळू झिजून गुळगुळीत व्हावे लागतात, आणि त्या काळात घर्षणाची उष्णता जास्त झाली, तर पिस्टन जॅम होऊन पृष्ठभागावर ओरखडे उठतात. म्हणून त्याला भरपूर तेल, रिच मिश्रण आणि वेळ लागतो. रिंगेचे इंजिन वागण्यात बिडाच्या जवळ जाते. त्यात रिंग लाइनरला सर्व बाजूंनी टेकेपर्यंत धीर धरावा लागतो.

इंधन: काय, किती आणि का

ग्लो इंजिनाच्या इंधनात तीन घटक असतात: मिथेनॉल, वंगण तेल आणि बहुतेक वेळा नायट्रोमिथेन. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि लहान इंजिनांवरचे स्पार्कचे कॉइल व बॅटरीचे ओझे उतरले. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवावी लागते. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलची होणारी रासायनिक क्रिया यांमुळे ती आपोआप तापलेली राहते. पेट्रोलवर साधा ग्लो प्लग चालत नाही, तो याच कारणाने. या सोयीची किंमत अशी, की ठिणगीची वेळ पुढेमागे करण्याचे कोणतेही साधन उरत नाही. ज्वलन केव्हा सुरू होईल हे कॉम्प्रेशन, प्लग आणि इंधन हे तिघे मिळून ठरवतात. म्हणून इंधन बदलणे म्हणजे एका अर्थी इंजिनाचे टायमिंग बदलणे आहे.

तेलाचा विचार मी नेहमी पहिल्यांदा करतो. टू-स्ट्रोक ग्लो इंजिनाला वेगळे वंगण नसते. बेअरिंग, रॉड आणि पिस्टन या सर्वांना जे काही तेल मिळते ते इंधनातूनच. नव्या इंजिनासाठी आकारमानाने २० टक्क्यांपेक्षा कमी तेल असू नये आणि त्यातले निदान अर्धे एरंडेल असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिडाचा पिस्टन आणि बेअरिंगऐवजी साधे बुश असलेल्या जुन्या इंजिनांना २५ टक्क्यांच्या आसपास तेल द्यावे आणि ते सगळे एरंडेलच असावे. एरंडेलाचा गुण असा, की मिश्रण चुकून लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापले, तरी ते लगेच जळून जात नाही. त्या उष्णतेत ते दाट होऊन धातूला धरून राहते. सिंथेटिक तेल इंजिन स्वच्छ ठेवते, पण बरीच सिंथेटिक तेले त्या तापमानाला धातू उघडा सोडतात. एरंडेलाचा दोष म्हणजे कालांतराने सिलिंडरच्या डोक्यावर आणि पिस्टनवर बसणारा तपकिरी लुकणासारखा थर. तो साफ करता येतो. घासलेला पिस्टन पुन्हा भरता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत थर पत्करावा.

नायट्रोमिथेनबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे ते जळायला हवा कमी लागते: एक भाग मिथेनॉलला वजनाने सुमारे साडेसहा भाग हवा लागते, तर नायट्रोमिथेनला दोन भागांपेक्षाही कमी पुरते. त्यामुळे त्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. पण खेळासाठी उडवणाऱ्याला त्याचा खरा उपयोग वेगळाच होतो: इंजिन लवकर सुरू होते, आयडलला, म्हणजे सर्वांत संथ वेगाला, स्थिर राहते आणि नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावून नेते. ०.१५ ते ०.४६ घनइंचाच्या, म्हणजे साधारण अडीच ते साडेसात सीसीच्या इंजिनांना ५ ते १० टक्के पुरेसे असते. ०.०४९ घनइंचाची, म्हणजे ०.८ सीसीची चिमुकली इंजिने मात्र १५ ते २५ टक्के नायट्रोवर खुशीत चालतात, कारण इतक्या लहान सिलिंडरमधून उष्णता फार लवकर निघून जाते. काही इंजिनांचे कॉम्प्रेशन नायट्रोविरहित इंधन गृहीत धरून जास्त ठेवलेले असते. एफएआयच्या (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या) स्पर्धांत काही वर्गांसाठी ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल हेच ठरलेले इंधन आहे. अशा इंजिनांत नायट्रो जास्त घातले, तर ज्वलन वेळेआधी होते, तळल्यासारखा तडतडाट ऐकू येतो आणि प्लगची तार तुटते. हेडखाली एक जादा शिम (धातूची पातळ चकती) बसवून कॉम्प्रेशन कमी करणे किंवा नायट्रो घटवणे, हे दोन मुख्य उपाय असतात, आणि नव्या इंजिनावर दुसराच करावा.

तयार इंधन विकत घेताना डब्यावर तेलाचे प्रमाण पाहावे आणि ते वजनाने आहे की आकारमानाने, हेही तपासावे. मिथेनॉल एरंडेलापेक्षा हलके असल्यामुळे, नायट्रो नसलेल्या इंधनात वजनाने २० टक्के तेल म्हणजे आकारमानाने जेमतेम १७ टक्के होते. प्रमाण कमी वाटले, तर एरंडेल वरून घालता येते: १८ टक्के तेल असलेल्या एक लिटर इंधनात ५० मिलिलिटर एरंडेल मिसळले, की प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर जाते. घरी मिसळायचे असेल, तर ८०० मिलिलिटर मिथेनॉल आणि २०० मिलिलिटर एरंडेल हे सर्वांत साधे मिश्रण आहे. एरंडेल शुद्ध, गाळलेले, डिंक काढलेले असावे. सुवास किंवा रंग घातलेले केसांचे तेल चालत नाही. मोटारसायकलचे खनिज टू-स्ट्रोक तेल तर कधीच वापरू नये, कारण ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी वेगळे होऊन बसते आणि इंजिनाला कोरडे मिथेनॉल मिळते.

मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून डब्याचे झाकण घट्ट असावे आणि उन्हात डबा ठेवू नये. ते विषारी आहे. पोटात गेले तर थोड्या मात्रेतही दृष्टी जाऊ शकते, आणि कातडीतूनही ते शरीरात शिरते. म्हणून नळी तोंडाने ओढून सायफन करू नये, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत इंधन कधीच भरू नये, मिसळताना हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत बसावे. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. इंधन सांडले असेल तर ते पुसून, वाळू देऊनच प्लगला करंट द्यावा.

कॉम्प्रेशन-इग्निशनच्या, म्हणजे केवळ दाबाने इंधन पेटवणाऱ्या इंजिनांना, ज्यांना मॉडेल बनवणारे डिझेल म्हणतात, हे इंधन अजिबात चालत नाही. त्यांचे इंधन ईथर, केरोसीन आणि एरंडेल यांचे, ढोबळमानाने एकेक तृतीयांश असते.

मांडणी

पहिल्यांदा इंजिन विमानावर न बसवता जाड लाकडी फळीवर किंवा टेस्ट स्टँडवर घट्ट बसवावे आणि स्टँड टेबलाला क्लॅम्पने आवळावा. विमानाच्या नाकात बसवलेल्या इंजिनाची नीडल दिसायला आणि हात पोहोचायला अडचण होते, आणि ढिल्या मांडणीवर थरथर वाढून इंधनात फेस येतो. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. टाकीच्या नळीत बारीक जाळीचा फिल्टर लावावा. खाली धूळ किंवा वाळू असेल, तर तिथे इंजिन चालवूच नये. पंखा ती उडवतो आणि कार्ब्युरेटर ती गिळतो.

पंखा माहितीपत्रकात दिलेल्यांपैकी हलका निवडावा. ०.४६ च्या इंजिनाला ११×५ किंवा १०×६, ०.१५ ला ८×४ किंवा ७×४, ०.०४९ ला ६×३ किंवा ५×३ हे पंखे योग्य ठरतात (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे सरकेल ते अंतर, दोन्ही इंचांत). पंखा बॅलन्स केलेला असावा, कारण असमतोल पंख्याची थरथर सरळ बेअरिंगवर जाते. डोळ्यांवर चष्मा असावा, नीडल नेहमी पंख्याच्या मागून फिरवावी आणि पंख्याच्या पात्याच्या रेषेत, म्हणजे दोन्ही बाजूंना, कोणालाही उभे राहू देऊ नये. पाते तुटले तर ते त्याच रेषेत उडते.

प्रत्यक्ष चालवणे

एबीसी इंजिन सुरू करण्यापूर्वी केस वाळवण्याच्या ड्रायरने सिलिंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवावा. पंखा फिरवून पाहिला, की वरच्या टोकाची पकड सैल झालेली बोटांनाच कळते. स्टार्टर लावण्यापूर्वी प्लगला करंट न देता पंखा हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवावा; तो मऊ पण ठाम अडथळ्याने थांबला, तर सिलिंडरमध्ये द्रव इंधन साचलेले आहे, असे समजावे. अशा वेळी स्टार्टर दाबला तर रॉड वाकतो. प्लग काढून पंखा फिरवावा, म्हणजे इंधन बाहेर पडते.

नीडल माहितीपत्रकातील आकड्याइतकी उघडावी. आकडा नसेल तर पूर्ण बंद करून अडीच ते तीन फेरे उलट फिरवावी. इंजिन सुरू झाल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि प्लगचा करंट काढावा. आता कान महत्त्वाचे. मिश्रण खूप रिच असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो आणि आवाज जाड, गुरगुरणारा, अडखळता येतो. त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. नीडल हळूहळू बंद करत गेल्यावर तो आवाज मधूनमधून तुटतो, आणि मग एकदम बारीक, सलग होतो. एबीसी इंजिनासाठी या बदलाच्या अगदी पलीकडची, सलग आवाजाचीच जागा धरायची: टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट होत, चालले पाहिजे, मात्र कमाल फेऱ्यांपासून दूर आणि एक्झॉस्टमधून धूर व तेल भरपूर निघत असलेले. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरून सोडली, की फेरे स्पष्ट वाढून परत खाली यावेत. ते वाढण्याऐवजी लगेच पडले, तर मिश्रण आधीच लीन आहे. नीडल ताबडतोब उघडावी.

इंजिन चालवण्याची पहिली फेरी दीड-दोन मिनिटांची पुरे. इंजिन बंद करावे आणि हात लावता येईल इतके नव्हे, तर पूर्ण थंड होऊ द्यावे. ही विश्रांती म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. प्रत्येक वेळी तापून थंड होताना धातूतले ताण सुटतात आणि पिस्टन व लाइनरचा मेळ थोडा पुढे सरकतो. अशा सात-आठ फेऱ्या, दर वेळी अर्धा-एक मिनिट वाढवत, कराव्यात. मधूनमधून काही सेकंद नीडल किंचित बंद करून फेरे वाढू द्यावेत आणि पुन्हा पूर्वपदावर आणावी. एकूण वीस ते तीस मिनिटे चालल्यावर एबीसी इंजिन हवेत नेण्याजोगे होते.

बिडाच्या पिस्टनचे इंजिन आणि रिंगेचे इंजिन पहिल्या एक-दोन टाक्यांत त्या गुरगुरत्या फोर-स्ट्रोकवरच चालवावे. नंतर पाच-दहा सेकंद सलग आवाजावर आणून लगेच परत रिच करावे, आणि हा काळ टाकीगणिक वाढवत न्यावा. नीडल न हलवता मिनिटभर सलग चालले आणि फेरे घसरले नाहीत, तर इंजिन तयार झाले. फेरे आपोआप खाली येऊ लागले, आवाज बसल्यासारखा झाला, तर पिस्टन अजून घट्ट आहे. थांबावे, थंड करावे, आणखी एक टाकी द्यावी. याला तासभर किंवा त्याहून जास्त लागू शकतो.

प्रगती पाहण्याची एक साधी रीत मला फार उपयोगी पडली आहे. सायलेन्सरच्या तोंडाखाली पांढरा कागद धरून त्यावर चार थेंब पडू द्यावेत आणि फेरीचा क्रमांक लिहून तो वाळत ठेवावा. पहिल्या फेऱ्यांचे डाग राखाडी किंवा काळसर असतात, कारण त्यात झिजलेल्या धातूची भुकटी असते. फेऱ्यागणिक ते फिके होत जातात आणि शेवटी मधाच्या रंगाचे, पारदर्शक तेल उरते. डाग फिका होता होता पुन्हा काळा पडला, तर काहीतरी चुकते आहे, आणि ते बहुतेक वेळा लीन मिश्रण असते. प्लगही बोलतो: तार चमकदार आणि ओली असेल तर ठीक, पांढरट, खरखरीत किंवा वेडीवाकडी झाली असेल तर इंजिन लीन चालले आहे. मोकळे करून झाल्यावर प्लग नवाच टाकावा, कारण जुन्याच्या तारेला धातूचे कण चिकटलेले असतात.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, इंजिन थंड असताना, हेडचे आणि मागच्या झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने तपासावेत. सायलेन्सरचे स्क्रू तर हमखास ढिले होतात.

पहिली उड्डाणे

हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण जमिनीपेक्षा लीन होते. म्हणून जमिनीवर कमाल फेरे शोधून नीडल मिनिटाला ३०० ते ५०० फेरे कमी होईपर्यंत उघडावी, आणि मग विमानाचे नाक सरळ वर धरून दहा सेकंद ऐकावे. आवाज किंचित चढला तर चांगले. खचला तर नीडल आणखी उघडावी. पहिली पाच-सहा उड्डाणे याहूनही थोडी रिच ठेवावीत. लो-स्पीड नीडलला, म्हणजे संथ वेगाचे मिश्रण ठरवणाऱ्या दुसऱ्या सुईला, तोपर्यंत हात लावू नये, कारण मोकळे होताना इंजिनाचे आयडल आपोआप बदलत असते.

दिवसाच्या शेवटी टाकी पूर्ण रिकामी करावी, इंजिन सुरू करून नळीतले उरलेले इंधन संपू द्यावे, आणि मग प्लगच्या छिद्रातून व कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर इंजिनाला गंजापासून वाचवणाऱ्या तेलाचे) काही थेंब सोडून पंखा दहा-बारा वेळा फिरवावा. आत राहिलेले मिथेनॉल ओल धरते, नायट्रोच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष उरतात, आणि दोन्ही मिळून पोलादी बेअरिंगवर एका आठवड्यातही तांबडे डाग पाडू शकतात. पिस्टन वरच्या चिमट्यात सोडून इंजिन ठेवू नये. पंखा फिरवून तो खालच्या टोकाला आणावा, एक्झॉस्टच्या तोंडात स्वच्छ कापडाची गुंडाळी बसवावी आणि इंजिन कोरड्या जागी ठेवावे.